बेवारस मुद्देमाल : पोलिसांकडे जमा झालेल्या वस्तूचं पुढे काय होतं?

कोरांटी

मध्यंतरी वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर एका पोलीस ठाण्याची जाहीर नोटीस वाचली. बेवारस दुचाकींची लांबलचक यादी होती. कंपनी, रंग, इंजिन नंबर, चेसिस नंबर, आणि खाली "मालकी हक्काची मूळ कागदपत्रे घेऊन मुदतीत हजर राहावे, अन्यथा वाहनांचा लिलाव करण्यात येईल". बऱ्याच गाड्यांपुढे नोंदणी क्रमांकाच्या जागी नुसती रेघ होती. स्वतःच्या गाडीचा चेसिस नंबर कुणाला पाठ असतो? ज्याची गाडी चोरीला गेली त्या माणसाच्या नजरेस ही नोटीस पडणार तरी कशी?

तिथून मनात आलं, गाड्या निदान दिसतात तरी. रिक्षात राहिलेली बॅग, बागेत सापडलेली अंगठी, चोराकडून हस्तगत झालेला पण कुणाचा ते न कळलेला लॅपटॉप, या लहान वस्तूंचं काय होत असेल? त्या किती दिवस ठेवतात, मालक आलाच नाही तर त्या कुणाच्या होतात, आणि प्रामाणिकपणे आणून देणाऱ्याला काही हक्क असतो का? पोलीस, कोर्ट, लिलाव यांच्याशी संबंध आलेल्यांनी कृपया लिहावं. ऐकीव नको, प्रत्यक्षातलं हवं.

वकिलीचा चष्मा

चांगला धागा. आधी एक गुंता सोडवतो, कारण लोक तीन वेगवेगळ्या गोष्टींना सरसकट "पोलिसांकडचा माल" म्हणतात.

पहिला प्रकार, रस्त्यात सापडलेली किंवा कुणी आणून दिलेली वस्तू. गुन्ह्याचा काही संबंध नाही. इथे महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ लागू होतो (जुन्या लोकांच्या तोंडी अजून मुंबई पोलीस कायदाच आहे). कलम ८२ प्रमाणे अशी बेवारस वस्तू तात्पुरती ताब्यात घेणं हे प्रत्येक पोलिसाचं कर्तव्य आहे. मर्जीचा प्रश्न नाही. "आमच्याकडे नको, तुम्हीच बघा" असं कुणी म्हणालं तर नम्रपणे हे कलम सांगावं. पुढे ती वस्तू बृहन्मुंबईत पोलीस आयुक्तांकडे आणि इतरत्र व्यवस्थेप्रमाणे आयुक्त किंवा मॅजिस्ट्रेटकडे जाते. मग कलम ८५ चा जाहीरनामा निघतो: अमुक वस्तू मिळाल्या आहेत, हक्क सांगायचा असेल त्याने सहा महिन्यांच्या आत यावं. नाशवंत माल किंवा जनावर असेल तर थांबत नाहीत, लगेच लिलाव करतात आणि वस्तूच्या जागी पैसे सांभाळतात. मालकाने हक्क सिद्ध केला की झालेला खर्च वजा करून परत. कुणीच आलं नाही तर कलम ८७ खाली विक्री, आणि रक्कम राज्य सरकारच्या स्वाधीन. ज्या राज्यांत १८६१ चा जुना पोलीस कायदा चालत आला, तिथेही जाहीरनाम्याची मुदत सहा महिनेच आहे.

दुसरा प्रकार, संशयावरून जप्त केलेली वस्तू. रात्री गस्तीत एखादा चार मोबाईल घेऊन सापडतो, कुठून आणले ते सांगू शकत नाही. त्याच्यावर याच अधिनियमाच्या कलम १२४ खाली कारवाई होते आणि मोबाईल जप्त होतात. १ जुलै २०२४ पासून जप्तीचं मुख्य कलम भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतलं १०६ (पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेतलं १०२). जप्तीची खबर मॅजिस्ट्रेटला द्यावी लागते. मालक माहीत नसेल तर कलम ५०३ खाली पुन्हा तोच सहा महिन्यांचा जाहीरनामा. मुदतीत कुणी आलं नाही आणि ज्याच्याकडे वस्तू सापडली त्यालाही ती कायदेशीर मार्गाने मिळाल्याचं दाखवता आलं नाही, तर कलम ५०४ प्रमाणे ती सरकारकडे.

तिसरा प्रकार, चालू खटल्यातला मुद्देमाल. यात फिर्यादी ठाऊक असतो, पण वस्तू पुरावा म्हणून अडकलेली असते. खरी दैना इथे आहे. त्यावर सवडीने लिहितो.

ओसरी

वकीलसाहेब, आणून देणाऱ्याचं राहिलं. सहा महिन्यांनी मालक आला नाही तर वस्तू सापडवणाऱ्याला मिळते असं लहानपणापासून ऐकत आलोय.

वकिलीचा चष्मा

नाही मिळत. आपल्या कायद्यात तसा आपोआप हक्क कुठेही नाही. सापडवणाऱ्याचं स्थान १८७२ च्या करार कायद्यात सांगितलंय. कलम ७१ प्रमाणे, वस्तू उचलून तुम्ही जवळ ठेवलीत की ती दुसऱ्याची ठेव असल्यासारखी जपायची जबाबदारी तुमच्यावर येते. कलम १६८ खाली, मालकाने बक्षीस जाहीर केलं असेल आणि तो नंतर फिरला तर ते तुम्ही वसूल करू शकता. शोधाशोधीसाठी आणि जपणुकीसाठी केलेला खर्च मिळेपर्यंत वस्तू अडवून धरू शकता, पण त्या खर्चासाठी दावा लावता येत नाही. कलम १६९ ठरावीक परिस्थितीत विकायचीही मुभा देतं: वस्तू नाश पावण्याच्या बेतात असेल, किंवा रास्त खर्चच तिच्या किमतीच्या दोन तृतीयांशावर गेला असेल.

आणि याची दुसरी बाजू. मालक शोधण्याचा वाजवी प्रयत्न न करता वस्तू खिशात घातली तर तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१४ चा गुन्हा आहे. नव्या संहितेत किमान सहा महिने कैद आहे, कमाल दोन वर्षं. "सापडलं, चोरलं नाही" हा बचाव टिकत नाही.

जमिनीत पुरलेलं धन सापडलं तर मात्र कायदा वेगळा, १८७८ चा. ते कलेक्टरला कळवायचं असतं आणि तिथे सापडवणाऱ्याला खरोखर वाटा आहे. तो इथला विषय नाही.

जुना कारकून

पोलीस खात्यातून निवृत्त झालो आहे. नोकरीतली बरीच वर्षं मुद्देमाल कारकून म्हणून काढली. कायदा वकीलसाहेबांनी सांगितलाच आहे, मी खोलीच्या आतलं सांगतो.

वस्तू आली की ठाणे अंमलदार स्टेशन डायरीला नोंद घेतो. दोन पंच बोलावून पंचनामा होतो. मग वस्तू मुद्देमाल कारकुनाकडे येते, मुद्देमाल रजिस्टरला अनुक्रमांक पडतो, वस्तूला लेबल लागतं, लाखेचं सील होतं. सोनं-नाणं आणि रोकड तिजोरीत, काही वेळा पुढे कोषागारात. बाकी सगळं रॅकवर. ठाणेदार बदलला की नव्या साहेबाने रजिस्टरप्रमाणे माल तपासून ताब्यात घ्यायचा असतो. प्रत्यक्षात खोली एवढी भरलेली असते की प्रत्येक गाठोडं उघडून बघणं होत नाही. जुन्या लेबलांची शाई उडते, कागद उंदीर खातात, पावसाळ्यात ओल येते. लेबल गेलं की त्या वस्तूची ओळखच गेली. ती कुठल्या गुन्ह्यातली, कुणाची, कधीची, काही सांगता येत नाही, आणि असा माल कुणी निकाली काढायला धजत नाही, कारण उद्या कोर्टाने मागितला तर उत्तर कारकुनाला द्यावं लागतं. मुद्देमाल खोल्या तुंबतात त्या या भीतीने. आळशीपणाचा आरोप लोक करतात, पण ज्याच्या सहीवर खोली आहे त्याच्या जागी उभं राहून बघा.

आता मुख्य मुद्दा. इतक्या वर्षांत माझं ठाम मत झालं आहे की बहुतेक बेवारस माल खऱ्या अर्थाने बेवारस नसतो. त्याला वारस असतो, त्याने कुठेतरी तक्रारही दिलेली असते. फक्त ती दुसऱ्या ठाण्यात असते, आणि दोन्हीकडच्या वर्णनांचा मेळ बसत नाही. तक्रारीत लिहिलेलं असतं "एक काळी बॅग". आमच्याकडे पंचनाम्यात "एक काळ्या रंगाची बॅग जु.वा." (म्हणजे जुनी वापरती). आता या दोन काळ्या बॅगा एकच आहेत हे कुणी ओळखायचं? त्याच तक्रारीत "आतल्या कप्प्याची चेन तुटलेली, हँडलला निळा दोरा बांधलेला" असं असतं तर काम झालं असतं. सोन्याच्या बाबतीत तर फार वाईट. "पिवळ्या धातूची साखळी" एवढंच आम्ही लिहितो, कारण तपासणीआधी सोनं म्हणता येत नाही. मालक "सोन्याची चेन" म्हणतो. कडीची घडण, सोनाराची खूण, वजन, डागडुजीचा सांधा, यातलं एकही कुणी सांगत नाही.

म्हणून माझं सांगणं असं की गहाळची नोंद द्यायला जाल तेव्हा घाई करू नका. नुसता दाखला हवा म्हणून दोन ओळी खरडून येऊ नका. जी खूण फक्त तुम्हाला माहीत आहे ती लिहून या.

सायलेंट वाचक

जुना कारकून काका, शेवटच्या परिच्छेदाला शंभर वेळा अनुमोदन.

आमच्या घरी चोरी झाली होती. चोर पकडला गेला, आईचं मंगळसूत्रही सापडलं. आम्हाला वाटलं, आता ठाण्यात जाऊन सही करायची आणि घेऊन यायचं. ठाण्यात सांगितलं, कोर्टातून आदेश आणा. कोर्टात अर्ज दिला, तर सरकारी वकिलांचं आणि तपासी अंमलदारांचं म्हणणं येईपर्यंत तारखा पडत गेल्या. कुणी वाईट वागलं असं नाही. पण प्रत्येक टेबलावर "आमच्याकडे नाही, पलीकडे" हेच. शेवटी लग्नातल्या एका जुन्या फोटोत पदक स्पष्ट दिसत होतं त्यावर ओळख पटली. सोनाराची पावती केव्हाच हरवलेली. सुपुर्तनामा (वस्तू सांभाळायला ताब्यात घेतल्याचा लेख) आणि बंधपत्र करून दिलं, मोडायचं नाही, विकायचं नाही, कोर्ट म्हणेल तेव्हा हजर करायचं, या अटींवर मिळालं.

आई ते घालत नाही. कोर्टाने मागितलं तर, म्हणून कपाटात ठेवून दिलंय. खटला अजून चालू आहे.

वकिलीचा चष्मा

सायलेंट वाचक, तुमच्या आईला सांगा की सुपुर्तनाम्याच्या अटी वस्तू मोडू-विकू नये, तिचं रूप बदलू नये यासाठी असतात. आदेशात वापराला स्पष्ट मनाई नसेल तर घालायला हरकत नाही. आदेशाची प्रत एकदा वाचून घ्या.

हा तुमचा अनुभव तिसऱ्या प्रकारातला. याच दुखण्यावर सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली सुंदरभाई अंबालाल देसाई विरुद्ध गुजरात राज्य या प्रकरणात निर्देश दिले. ते प्रकरण कशातून उभं राहिलं हे मुद्दाम सांगण्यासारखं आहे. पोलीस ठाण्यात ठेवलेल्या मौल्यवान मुद्देमालाच्या जागी नकली वस्तू ठेवल्याचा, रकमेचा अपहार केल्याचा आणि परस्पर लिलाव केल्याचा आरोप पोलीस कर्मचाऱ्यांवरच होता. न्यायालयाने सांगितलं की माल वर्षानुवर्षं ठाण्यात पडू देऊ नका. सविस्तर पंचनामा करा, फोटो काढा, बंधपत्र घ्या आणि वस्तू मालकाला द्या. खटल्यात फोटो आणि पंचनामा पुरावा म्हणून चालेल. वाहनांबद्दलही तेच. मालक, विमा कंपनी, कुणीच न्यायला आलं नाही तर कोर्टाच्या आदेशाने लिलाव करा.

त्याही आधी कर्नाटकातल्या एका महिलेचे चोरीतून सापडलेले दागिने पोलीस ठाण्यातूनच पुन्हा नाहीसे झाले होते. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांची किंमत राज्याला भरायला लावली. ताब्यात घेतलेला माल जपण्याची जबाबदारी शासनाची, हे तेव्हापासून पक्कं आहे.

नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४९७ ने हेच मुदतीत बसवलं आहे. माल न्यायालयापुढे आल्यापासून १४ दिवसांत त्याचं वर्णनासह विवरण, फोटो आणि गरजेप्रमाणे चित्रीकरण, आणि विवरण झाल्यापासून ३० दिवसांत विल्हेवाटीचा आदेश. अर्ज करताना हे कलम आणि २००२ चा निकाल दोन्ही लिहा.

लोखंडबाजार

लिलावात माल घेतो, म्हणून त्या बाजूने लिहितो.

बेवारस गाडी लिलावाला येण्याआधी पोलीस चेसिस नंबरवरून आरटीओच्या नोंदीत मालक शोधतात. सापडला तर त्याला पत्र जातं. बरेच पत्ते जुने, माणूस कधीच घर बदलून गेलेला. कित्येकदा गाडीला आधीच विम्याचे पैसे मिळालेले असतात, मग मालक यायचं नाव घेत नाही आणि विमा कंपनीला मोडकी गाडी नको असते. चेसिसवर घासलेलं असेल तर तो मार्गही बंद. नंतर आरटीओचा माणूस किंमत ठरवतो, वरून मंजुरी येते, मग जाहीर लिलाव. बहुतेक गाड्या भंगार म्हणूनच विकल्या जातात, म्हणजे त्या पुन्हा रस्त्यावर आणायच्या नाहीत, तोडायच्या. म्हणून "पोलीस लिलावात स्वस्तात गाडी मिळते" या भरवशावर कुणी जाऊ नये. अटी नीट वाचा.

मला वाईट वाटतं ते हे. आम्ही उचलतो तेव्हा इंजिन जाम झालेलं असतं, टायर जमिनीला चिकटलेले, सीटमधून झाड उगवलेलं. हीच गाडी पहिल्या सहा महिन्यांत विकली असती तर सरकारला चार पैसे जास्त आले असते, आणि मालक नंतर उगवला असता तर त्यालाही काहीतरी मिळालं असतं. लोखंडाच्या भावाने जाण्यात कुणाचाच फायदा नाही.

वकिलीचा चष्मा

लोखंडबाजार, हे करायला कायद्यात वाट आहे. नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ५०५: मालक अज्ञात असेल आणि विक्री त्याच्याच हिताची आहे असं मॅजिस्ट्रेटला वाटलं, किंवा किंमत दहा हजारांच्या आत असेल, तर कधीही विकायचा आदेश देता येतो. जुन्या कायद्यात ही मर्यादा आधी दहा रुपये होती, २००५ च्या दुरुस्तीने पाचशे झाली. आता दहा हजार. पैसे मालकासाठी तसेच बाजूला राहतात.

फलाट क्रमांक शून्य

रेल्वेत काही राहिलं तर लोक हमखास चुकीच्या दारात जातात. रेल्वे सुरक्षा बल (आरपीएफ) केंद्राचं, लोहमार्ग पोलीस राज्याचे. चोरी झाली तर गुन्हा लोहमार्ग पोलीस नोंदवतात. डब्यात विसरलेली बॅग मात्र बहुतेक वेळा आरपीएफच्या हाती लागते, किंवा स्टेशन मास्तरकडे आणि तिथून रेल्वेच्या लॉस्ट प्रॉपर्टी ऑफिसात जाते. आधी १३९ वर कळवा. गाडी क्रमांक, डबा, आसन, बॅगेचं वर्णन. आरपीएफचं "ऑपरेशन अमानत" यासाठीच आहे. पश्चिम रेल्वे तर सापडलेल्या सामानाचे फोटो आणि तपशील संकेतस्थळावर टाकते. असे फोटो प्रत्येक शहर पोलिसांनी टाकले तर कोरांटीताईंचा अर्धा प्रश्न सुटेल.

जुना कारकून

फोटोंबाबत सावध सांगतो. सगळं दाखवलं की दहा दावेदार उभे राहतात. वस्तू दाखवावी, खूण झाकावी. अंगठी दाखवा, आतलं अक्षर दाखवू नका. जो अक्षर सांगेल तो मालक.

निशिगंधा

मला ओसरी यांच्या प्रश्नाकडे परत जायचंय. जपानमध्ये तीन महिन्यांत मालक आला नाही तर वस्तू सापडवणाऱ्याला मिळू शकते, आणि मालक आलाच तर त्याने ५ ते २० टक्के बक्षीस द्यायचं असतं. मोबाईल, ओळखपत्रं अशा खासगी माहितीच्या वस्तू त्यातून वगळल्या आहेत. आपल्याकडे हे का असू नये? आणून देणाऱ्याला आपण काय देतो? तासभर बाकावर बसवतो आणि नाव, पत्ता, "तुम्ही तिथे कशाला गेला होतात?" विचारतो.

ओसरी

निशिगंधाताई, बक्षिसाने काम होईल असं मला वाटत नाही. आणून देणाऱ्याला बहुधा वाट्याची आस नसते. त्याला एवढंच हवं असतं की आपण दिलेली वस्तू मधल्यामध्ये जिरली नाही. पावती मिळाली आणि पुढे "मालकाला परत केली" असा एक एसएमएस आला, तर माणूस दुसऱ्यांदाही आणून देईल.

निशिगंधा

पावतीबद्दल दुमत नाही. तरी वाट्याचा मुद्दा मी सोडत नाही. मालक न आल्यास वस्तू सरकारजमा होण्याऐवजी, निदान त्यातला काही भाग प्रामाणिक माणसाला जाणं मला जास्त न्याय्य वाटतं.

गावकामगार

ग्रामीण भागाचं कुणी लिहिलं नाही म्हणून थोडं. मी पोलीस पाटील आहे. कलम ८२ मध्ये आमचंही नाव आहे: गावात बेवारस वस्तू मिळाली तर पोलीस ती पाटलाकडे देऊन पावती घेतो आणि पाटील ती मॅजिस्ट्रेटकडे पाठवतो. आता बहुतेक वस्तू सरळ ठाण्यातच जातात. गावात शोध लागायला वेळ लागत नाही, ग्रुपवर टाकलं की संध्याकाळपर्यंत माणूस हजर. मोकाट जनावराचा रस्ता मात्र वेगळा. त्याला कोंडवाडा आहे, तो ग्रामपंचायतीचा किंवा नगरपालिकेचा, आणि कायदाही १८७१ चा निराळा.

कोरांटी

किती नवीन कळलं! दोन प्रश्न उरले. मोबाईलचं काय? आणि ज्याच्या वस्तू आहेत तो माणूसच हयात नसेल तर?

फलाट क्रमांक शून्य

मोबाईलचं आता सगळ्यात सोपं आहे. पोलिसांत तक्रार द्या, त्याच क्रमांकाचं दुसरं सिम घ्या आणि सरकारच्या संचार साथी संकेतस्थळावरच्या सीईआयआर सेवेवर आयएमईआय (फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक) ब्लॉक करा. कुणी त्या फोनमध्ये सिम घातलं की माग लागतो आणि पोलिसांना कळतं. ठिकठिकाणी पोलीस कार्यक्रम करून शोधलेले फोन परत देतात ते बरेचसे याच वाटेने सापडलेले. आयएमईआय आजच *#०६# दाबून लिहून ठेवा. फोनच्या आत नव्हे, वहीत.

जुना कारकून

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मी देतो.

रस्त्यावर अनोळखी माणूस मरण पावला की अकस्मात मृत्यूची नोंद होते. त्याच्या अंगावरचे कपडे, खिशातला ऐवज, सगळ्याचा पंचनामा. एक चुरगळलेलं तिकीट असलं तरी लिहायचं. लोकांना वाटतं ही कागदी औपचारिकता आहे. तसं नाही. अंत्यसंस्कार होऊन गेल्यावर महिन्यांनी नातेवाईक शोधत येतात, तेव्हा त्यांना दाखवायला फोटो, कपडे आणि या वस्तू एवढंच उरलेलं असतं. शर्टाच्या कॉलरवरचं शिंप्याचं लेबल, चपलेला मारलेला टाका, गळ्यातला ताईत, यावरून ओळख पटलेली मी पाहिली आहे. म्हणून नव्या पोरांना मी सांगायचो की त्याच्या खिशातली चिठ्ठी कचरा समजू नका.

मृत्युपत्र न करता गेलेल्याची मालमत्ता मोठी असेल तर आयुक्तालयाच्या हद्दीत महाप्रशासक (अ‍ॅडमिनिस्ट्रेटर जनरल) यांना कळवण्याची तरतूद आहे. कायद्यातली रक्कम चारशे रुपये, म्हणजे आजच्या हिशेबाने जवळपास सगळंच त्यात येतं.

कोरांटी

काका, धन्यवाद. हे कुठेही वाचायला मिळालं नसतं. आता एवढंच सांगा, उद्या मला रस्त्यात पाकीट सापडलं तर ठाण्यात गेल्यावर काय काय मागून घ्यायचं?

जुना कारकून

आधी हे बघा की पाकीटच आहे. गर्दीच्या जागी बेवारस बॅग, डबा दिसला तर हात लावायचा नाही, ११२ ला फोन करायचा.

पाकीट असेल तर उघडून फोटो काढा, नोटा मोजून घ्या, शक्य असेल तर सोबत एक माणूस असू द्या. ठाण्यात दोन प्रतींत अर्ज लिहून न्या: कुठे, कधी, कसं सापडलं, आत काय आहे, नोटा किती. एका प्रतीवर शिक्का, सही, तारीख घ्या आणि स्टेशन डायरीचा नोंद क्रमांक त्यावर लिहून मागा. तो क्रमांक असला की नंतर फोनवरही विचारता येतं. आत आधार, लायसन असेल तर अंमलदाराला तिथेच मालकाला फोन लावायची विनंती करा. पुष्कळदा माणूस तासाभरात येतो, ओळख पटवून पोच देऊन घेऊन जातो, आणि माझ्यासारख्या कारकुनाच्या रजिस्टरला आणखी एक नंबर चढत नाही.